तंतुकणिका स्वयंपूर्ण नसते

'तंतुकणिकेला स्वतःचा डीएनए असतो, म्हणून ती आपली प्रथिने आपणच बनवते' हे विधान इतक्या ठिकाणी, इतक्या ठामपणे केले जाते की आता त्याची चीड येते. त्यातला पहिला अर्धा भाग खरा, दुसरा बहुतांशी चूक. माणसाच्या तंतुकणिकेत हजाराहून जास्त प्रकारची प्रथिने असतात. तिच्या डीएनएवर त्यांतल्या फक्त १३ प्रथिनांची जनुके आहेत. भातात हा डीएनए माणसाच्या सुमारे तीसपट लांब, तरी त्यावरची ओळखीची प्रथिन-जनुके पन्नाशीच्या आतच. बाकी सगळा माल केंद्रकातल्या जनुकांवरून बाहेर पेशीद्रवात तयार होऊन आत येतो. वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्राने आंबेमोहोर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून काढलेल्या इंद्रायणी भाताचा दाणा घ्या. कोरड्या दाण्यात तंतुकणिका अर्धवट अवस्थेत असतात. रोपासाठी बी भिजवले की मोड दिसण्याच्या आधीपासूनच बाहेरची प्रथिने आत जाऊ लागतात आणि त्या पूर्ण होतात.

'मग ती आपोआप शिरत असतील', असे यावर म्हटले जाते. तेही नाही. घडी पडलेले प्रथिन तंतुकणिकेच्या अरुंद दारातून जातच नाही. आयलर्स आणि शात्झ या शास्त्रज्ञांनी १९८६ मध्ये एका प्रथिनाला तंतुकणिकेचा पत्ता जोडला. ते आत गेले. मग मेथोट्रेक्सेट घातले. हे औषध त्या प्रथिनाला चिकटून त्याची घडी पक्की करते, आणि प्रथिन दाराबाहेरच अडकले. घडी वेळेआधी पडू न देणे, हेच पेशीद्रवातल्या शॅपरोनचे, म्हणजे मदतनीस प्रथिनांचे काम. १९८८ मध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या प्रयोगात यीस्टमधले एचएसपी ७० हे शॅपरोन कमी केल्यावर प्रथिने बाहेरच साचली. पण शॅपरोन म्हणजे ओझे घेऊन आत शिरणारा हमाल, ही समजूतही काढून टाका. पत्ता प्रथिनाच्या स्वतःच्या टोकावर असतो, बाहेरचा शॅपरोन दारापर्यंतच सोबत करतो. आत वेगळे एचएसपी ७० एटीपी खर्चून प्रथिनाला ओढून घेते आणि एचएसपी ६० अनेक प्रथिनांची घडी घालते.

एचएसपीच्या नावात 'हीट शॉक' असले, तरी ही प्रथिने लोणावळ्याच्या जुलैतल्या गारठ्यातही राबतात. आणि 'तंतुकणिका फक्त आईची' हे तिच्या डीएनएपुरतेच खरे, तिच्यातल्या प्रथिनांची जनुके आईवडील दोघांकडून येतात.

राहिला आक्षेप असा, की जनुके थोडी असली तरी हुकूम त्यांचाच चालतो. याचे उत्तर खंडाळ्याचा घाट उतरला की मिळते. कर्जतच्या केंद्राने १९९८ मध्ये 'सह्याद्री' हे संकरित भात दिले. अशा भाताच्या मादी वाणात तंतुकणिकेतलेच एक जनुक परागकण निकामी करते. नर वाणाकडून केंद्रकात आलेले जनुक एक प्रथिन बनवते. ते प्रथिन तंतुकणिकेत शिरून त्या उपद्रवी जनुकाला आवरते, तेव्हाच शेतकऱ्याच्या खाचरातली लोंबी दाण्यांनी भरते.