दूध-पोळीवरचं मांजर

रक्ताची गुठळी होऊ न देणाऱ्या क्लोपिडोग्रेलची कडूजहर चतकोर गोळी मांजराच्या गळी कशी उतरवायची, हे या आठवड्यात सांगणार होतो. ते आता पुढच्या भागात. मध्येच सुरतजवळच्या पलसाण्याहून एका ताईंचं पत्र आलं, आणि त्यातला प्रश्न माझ्या इतका आवडीचा आहे की तो मागे ठेवणं मला जमेना.

ताई मूळच्या धुळ्याकडच्या. यजमान डाइंग मिलमध्ये, बिऱ्हाड तिसऱ्या मजल्यावर भाड्याचं. घरमालक शाकाहारी, घर देतानाच अट घातलेली की इमारतीत मांस-मच्छी शिजणार नाही. पाळलेला बोका पाच वर्षांचा. पिल्लू असल्यापासून घराबाहेर पडलेला नाही. सकाळी दूध-पोळी, रात्री दूध-भात, अधूनमधून हट्टाने गाठिया. हल्ली तो ओट्यावर उडी मारत नाही, पलंगाखाली बसून राहतो, श्वास भरभर चालतो. डॉक्टरांनी इको केला आणि सांगितलं, हृदय मोठं झालंय, भिंती पातळ पडल्यात. ताई विचारतात, ‘आमच्या जेवणामुळे झालं का हो?’

नेहमीच्या वाचकांच्या लक्षात आलं असेल की हे आपल्या आजवरच्या रोग्यापेक्षा उलट आहे. मागच्या भागांत आपण बोलत होतो ते हृदयाच्या भिंती जाड होण्याबद्दल. इथे हृदयाचा स्नायू जुन्या इलॅस्टिकसारखा सैल पडलाय. रक्त आत येतं, पण बाहेर ढकलायला जोर नाही. याला डायलेटेड कार्डिओमायोपॅथी म्हणतात. एके काळी मांजरांत हा आजार सर्रास दिसायचा आणि निदान झालं की डॉक्टर हात टेकायचे.

मग १९८७ साल उजाडलं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यक महाविद्यालयात पॉल पायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा मांजरांचं रक्त तपासलं, तर त्यात टॉरीन नावाचं द्रव्य फार कमी निघालं. त्यांनी ते तोंडावाटे द्यायला सुरुवात केली आणि सैल पडलेली हृदयं पुन्हा आवळायला लागली. ‘सायन्स’मध्ये तो निबंध आला. गंमत म्हणजे त्यातली बहुतेक मांजरं शिळ्यापाक्यावर वाढलेली नव्हती, विकतचं मांजरांचं खाणं खात होती. कंपन्यांनी टॉरीनचं प्रमाण वाढवलं आणि बघता बघता हा आजार दुर्मीळ झाला. हृदयरोगात ‘बरा होतो’ हे शब्द फार थोड्या ठिकाणी वापरता येतात. हे त्यातलं एक ठिकाण.

टॉरीनची गरज कुत्र्याला नि माणसालाही असते, पण आपलं शरीर ते बऱ्यापैकी तयार करतं. मांजराला ते नीट जमत नाही. शिवाय पित्त तयार करताना ते रोज टॉरीन खर्च करतं, आणि त्याला दुसरा पर्याय वापरता येत नाही. म्हणजे आवक नाही आणि जावक चालू. टॉरीन असतं मांसात, मासळीत. मांसातही हृदयात आणि काळपट भागात जास्त. धान्यात नि डाळीत जवळजवळ नाही, दुधात अगदी नावाला.

आता तुम्ही म्हणाल, आमच्या आजीची मांजरं जन्मभर दूध-पोळीवरच जगली की! हा प्रश्न मला हमखास येतो. उत्तर असं की ती दूध-पोळीवर जगली नाहीत, ती उंदरांवर जगली. आजीने ठेवलेलं ताट ती दिवसा खायची आणि रात्री कणगीमागे, माळ्यावर, उकिरड्यावर आपलं खरं जेवण उरकायची. एका उंदरात हृदय, यकृत, स्नायू, सगळं आलं. आपल्याला दिसायचं ते फक्त दूध. तेच मांजर आपण तिसऱ्या मजल्यावर आणलं, खिडकीला जाळी लावली, ताट मात्र आजीचंच ठेवलं.

तेव्हा ताई, तुमच्या जेवणामुळे झालं असण्याची शक्यता मोठी आहे. पण त्याचा अर्थ असाही की हाताशी उपाय आहे. डॉक्टरांशी टॉरीनबद्दल बोला. रक्त तपासता येतं, पण द्रव्य स्वस्त आणि निर्धोक असल्याने बरेच डॉक्टर अहवालाची वाट न पाहता सुरू करतात. साधारण २५० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. बोक्याची तरतरी दोन-तीन आठवड्यांत दिसू लागते, इकोत फरक पडायला काही महिने लागतात. तोवर डॉक्टरांनी छातीतलं पाणी काढणारी गोळी दिली असेल तर ती चालूच ठेवायची. डोळेही दाखवून घ्या. टॉरीनच्या अभावी पडदा खराब होतो आणि ते नुकसान भरून येत नाही. जवळ नवसारीला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, त्याचा उपयोग करा.

घरमालकांचा पेच राहिला. औषधाचं टॉरीन रसायनशाळेत तयार होतं, त्यात प्राण्याचा अंश नसतो, हे त्यांना सांगा. पण नुसतं टॉरीन दुधावर भुरभुरून भागणार नाही. अ जीवनसत्त्वासकट आणखी काही गोष्टी मांजराला प्राणिज अन्नातूनच घ्याव्या लागतात. मांजरांसाठीचं पाकिटातलं पूर्ण खाणं हा तुमच्या इमारतीत बसणारा मार्ग. त्याला चूलही लागत नाही. कुत्र्याचं पाकीट मात्र चालणार नाही.

ज्यांच्याकडे चिकन शिजतं त्यांनी मांडीचं मांस घ्यावं, कांदा-लसूण अजिबात नको, थोड्या पाण्यात शिजवावं आणि ते पाणी ओतून देऊ नये. टॉरीन पाण्यात उतरतं. आपण मांस वाढतो नि टॉरीन मोरीत जातं. खारवलेले बोंबील, सुकट हृदयाच्या रोग्याला नकोच. मिठाने अंगात पाणी साठतं.

एक इशारा. हे वाचून जाड भिंतीच्या मांजरांचे मालक टॉरीन आणायला धावतील. त्या आजाराचं कारण वेगळं आहे आणि टॉरीनने त्या भिंती पातळ होत नाहीत. आणि टॉरीन असतं म्हणून कुणी एनर्जी ड्रिंक पाजू नका. त्यातलं कॅफीन मांजराला विष आहे.

श्वास मोजणं मात्र दोन्ही आजारांच्या मांजरांना सारखंच लागू. मांजर गाढ झोपलेलं असताना बरगड्यांकडे पाहायचं; वर जाऊन खाली आल्या की एक. मिनिटाला तीसच्या आत असेल तर ठीक. तीसच्या वर जात असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा. तोंड उघडून धापा टाकत असेल तर फोनही नको, थेट गाडी काढायची.

पुढच्या भागात गोळी नक्की. तोवर प्रत्येकाने आपलं मांजर दिवसभरात खरोखर काय खातं ते कागदावर लिहावं आणि डॉक्टरांकडे जाताना तो कागद सोबत न्यावा. इकोइतकाच तोही उपयोगी पडतो.