होला आणि कबुतर

आपल्या शाळेमागच्या बाभळीवर भर दुपारी घुमत बसतो तो होला. आणि वेशीजवळच्या जुन्या विहिरीत खडा टाकला की फडफड करत एकदम बाहेर निघतात ते पारवे. कबुतर हे पारव्याचेच पाळीव रूप आहे. हजारो वर्षांपूर्वी माणसाने पारवे माणसाळवले. लक्का कबुतर म्हणा, पांढरे म्हणा, पायावर पिसांचे झुबके असलेले म्हणा, सगळी त्यांच्यापासूनच झाली.

होला आणि कबुतर एकाच कुळातले. या कुळात जगभर ३०० च्या वर जाती आहेत. आपला राज्यपक्षी हरियालसुद्धा त्यातलाच. इंग्रजीत साधारण लहान पक्ष्याला डव्ह आणि मोठ्याला पिजन म्हणतात, पण शास्त्रात अशी पक्की रेघ नाही. पारव्यालाच इंग्रजीत रॉक डव्ह असेही नाव आहे! नुसते बघून ओळखायचे तर कबुतराचे वजन ३०० ग्रॅमच्या पुढे असते, आणि आपल्याकडचा छोटा तपकिरी होला जेमतेम ८०-९० ग्रॅमचा. होला सडपातळ, शेपूट लांब, डोके बारीक. मानेवर काळी कड असेल तर तो कंठी होला. मानेमागे काळ्यावर पांढरे ठिपके असतील तर ठिपकेवाला.

पण पाळायचे म्हटले की खरा फरक कळतो. तो सांगायचे कारण असे, की दर उन्हाळ्यात आपल्यातली काही मुले होल्याची पिल्ले घरी आणतात. गेल्या उन्हाळ्यात आमच्या आळीत तीन आणली होती. एकही आठवडाभर जगले नाही.

आमच्या घरी कबुतरांची ढाबळ आहे. ती आप्पांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी बांधली. सकाळी दार उघडले की कबुतरे आभाळात घिरट्या घालतात, रानात जातात आणि दिवस मावळायच्या आत आपली आपण परत येतात. कोणी बोलवावे लागत नाही. पारव्याला कपारीत राहायची आणि रोज तिथेच परतायची सवय असते, तीच कबुतरात उतरली आहे. सूर्याची दिशा आणि पृथ्वीचे चुंबकत्व यांच्या आधाराने ती वाट काढतात असे शास्त्रज्ञ सांगतात. ओरिसात (आता ओडिशा म्हणतात) पोलिसांनी १९४६ पासून निरोपाची कबुतरे पाळली. १९४८ साली पंडित नेहरूंचा निरोप संबळपूरहून कटकला कबुतराने पोचवला. १९९९ च्या मोठ्या चक्रीवादळात तारा तुटल्या, रस्ते बंद झाले, तेव्हाही तीच उपयोगी पडली.

नवे कबुतर आणले तर मात्र लगेच सोडायचे नाही, ते जुन्या घरी जाते. दोन-तीन आठवडे ढाबळीतच ठेवायचे. मग एका संध्याकाळी उपाशी असताना सोडायचे आणि दाण्याचा डबा वाजवायचा. आमच्याकडे ज्वारी, बाजरी, मका आणि थोडी मटकी घालतात. बारीक खडेही लागतात, कारण कबुतराला दात नाहीत आणि ते दाणा अख्खा गिळते. पोटातले खडे तो दळतात. ढाबळ उंचावर पाहिजे, नाहीतर मांजर आणि मुंगूस येतात. शिकऱ्यापुढे मात्र काही इलाज नाही.

एक गोष्ट आईवडिलांसाठी. ढाबळ निजायच्या खोलीला लागून बांधू नये. वाळलेल्या विष्ठेची धूळ नाकातोंडात गेली तर फुप्फुसाचा आजार होतो. मुंबईत याच कारणावरून २०२५ साली दादरचा कबुतरखाना महापालिकेने ताडपत्रीने झाकला. आमची आई आधी पाणी शिंपडते, तोंडाला पदर बांधते, मगच झाडते.

आता होल्याचे सांगतो. होला ढाबळीत राहत नाही आणि सोडला तर परत येत नाही. म्हणून त्याला जन्मभर पिंजऱ्यात कोंडावे लागते. रानातला होला माणूस जवळ आला की दचकून उडतो, तारांवर डोके आपटतो. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे रानातला होला धरणे आणि पाळणे हा गुन्हा आहे. शहरात दुकानात फिकट बदामी किंवा पांढरे होले विकायला असतात, ते परदेशी. त्यांचे मूळ आफ्रिकेतले, आणि पिढ्यान् पिढ्या पिंजऱ्यात वाढल्यामुळे ते बाहेर तग धरत नाहीत. समारंभात शांततेचे प्रतीक म्हणून पांढरे पक्षी उडवतात ती बहुतेक कबुतरेच असतात. घरी परततात म्हणून.

पिल्ले का मरतात? चिमणीचे पिल्लू चोच वासून ओरडते, आपण त्यात किडा टाकू शकतो. होल्याचे आणि कबुतराचे पिल्लू तसे करत नाही. ते आपली चोच आईच्या किंवा बापाच्या तोंडात घालते. दोघांच्याही गळ्याच्या पिशवीत दह्याच्या कवडीसारखे घट्ट दूध तयार होते. हो, नराच्याही! पहिले काही दिवस पिल्लू फक्त त्यावरच जगते, मग त्यात भिजलेला दाणा मिसळायला लागतो. हे दूध गाईम्हशीचे नव्हे, ते आपल्याला कुठून मिळणार? मुले काय करतात, चोच बोटांनी उघडून चमच्याने दूध किंवा पाणी ओततात. ते श्वासनळीत जाते आणि पिल्लू गुदमरते. आमच्या आळीतली दोन अशीच गेली. मुलांच्या मनात वाईट नव्हते, जीव लावला होता त्यांनी.

होल्याचे घरटे म्हणजे दहा-वीस काटक्या, खालून अंडी दिसतात इतके विरळ. वारा सुटला की पिल्लू पडते. ते सापडले तर त्याच घरट्यात ठेवावे. घरटे मोडले असेल तर जुन्या टोपलीत गवत घालून ती त्याच फांदीला बांधावी आणि लांब व्हावे. माणसाचा हात लागला की आई पिल्लाला टाकते असे आपल्याकडे म्हणतात, ते खरे नाही. तासा-दोन तासांत नरमादीपैकी कोणीतरी येतेच.

कबुतराचे पिल्लू उडायला महिना घेते. होल्याचे अंडे १३-१४ दिवसांत फुटते आणि पुढच्या दोन आठवड्यांत पिल्लू घरट्याबाहेर पडते. शाळेमागच्या बाभळीवर सध्या दोन अंडी आहेत. मधल्या सुट्टीत कुंपणाच्या अलीकडून बघता येतात, फांदी हलवू नका.

– इयत्ता सातवी