अंधारात जन्मणारे तारे

पौष महिन्यात रात्रीच्या पहिल्या प्रहरी वसई तालुक्यातील वालीव येथून पूर्वेकडे पाहिले असता तुंगारेश्वराच्या डोंगरावर मृग नक्षत्र वर आलेले दिसते. त्याच्याही वर तांबूस रोहिणी आणि त्यापलीकडे कृत्तिकांचा लहानसा पुंजका असतो. कारखान्यांच्या व रस्त्यांच्या दिव्यांमुळे तेथील आकाश आता पूर्वीइतके काळे राहिलेले नाही. तरीही ही नक्षत्रे ओळखता येतात. रोहिणीच्या उत्तरेकडील भाग मात्र डोळ्यांना बराचसा रिकामा वाटतो. त्या रिकाम्या भागातच तारे जन्मास येत आहेत.

तेथे वायू व धूळ यांचा एक विशाल मेघ पसरलेला आहे. त्याचे अंतर सुमारे ४५० प्रकाशवर्षे आहे. आज तेथून पृथ्वीवर पोहोचणारा प्रकाश निघाला, तेव्हा वसईच्या किल्ल्यावर पोर्तुगीजांचा अंमल होता! मेघातील धूळ पाठीमागील ताऱ्यांचा प्रकाश अडविते, म्हणून ती जागा काळी दिसते.

मेघ म्हटला की पावसाळी ढग आठवतो. परंतु हा मेघ अत्यंत विरळ असतो. त्याच्या दाट गाभ्यातसुद्धा एका घन सेंटिमीटरमध्ये एक लाखाच्या आसपास रेणू असतात. आपल्या हवेत तेवढ्याच जागेत एकावर एकोणीस शून्ये मांडून होणाऱ्या संख्येहूनही अधिक रेणू असतात. मग इतक्या विरळ वायूपासून तारा घडतो कसा? एक तर गाभ्याचा विस्तार फार मोठा असतो. प्रकाशालाही तो ओलांडावयास काही महिने लागतात. त्यामुळे त्यातील एकंदर द्रव्य सूर्याएवढे भरू शकते. दुसरे कारण थंडीचे. गाभ्याचे तापमान शून्याखाली सुमारे २६३ अंश सेल्सिअस असते. तापलेला वायू फुगू पाहतो, गारठलेल्या वायूत तो जोर नसतो. गुरुत्वाकर्षणापुढे त्याचे काही चालत नाही आणि गाभा आपल्याच भाराने आत कोसळू लागतो. कोसळणाऱ्या द्रव्यामुळे मध्यभाग तापतो. हाच बालतारा. सूर्यात हायड्रोजनपासून हेलियम होऊन जी उष्णता निर्माण होते, तिचा येथे अद्याप प्रारंभही झालेला नसतो.

असा बालतारा पाहावयाचा कसा? त्याचा प्रकाश भोवतालच्या धुळीतून बाहेर पडत नाही. रात्री चुलीतील विस्तव राखेखाली झाकून ठेवतात. तो दिसत नाही, पण वर हात धरला की ऊब लागते. बालताऱ्याच्या भोवतीची धूळही अशीच तापते आणि ती ऊब अवरक्त किरणांच्या रूपाने बाहेर टाकते. हे किरण डोळ्यांना दिसत नाहीत. शिवाय पृथ्वीच्या हवेतील बाष्प त्यांपैकी पुष्कळसे शोषून घेते. कोकणातील दमट हवेत तर विचारावयासच नको. म्हणून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी १०० सेंटिमीटर व्यासाच्या आरशाची दुर्बीण प्रचंड फुग्याला बांधून हैदराबादहून हवेच्या वरच्या थरांत पाठविली व तारे घडणाऱ्या अनेक मेघांची ऊब मोजली.

पुढे अवकाशातील दुर्बिणींनी मोठीच मदत केली. हंस तारकासमूहाच्या दिशेला असलेला ‘एल १०१४’ नावाचा गाभा ताऱ्याविना आहे, असे समजले जात होते. २००४ साली स्पिट्झर दुर्बिणीला त्यात एक अतिशय क्षीण बालतारा आढळला. कोणताही गाभा रिकामा आहे असे म्हणणे तेव्हापासून कठीण होऊन बसले. २०२२ साली वेब दुर्बिणीने रोहिणीच्या उत्तरेस सुमारे दहा अंशांवर असलेल्या ‘एल १५२७’ या गाभ्याचे चित्र घेतले. हात लांब करून मूठ धरली, तर ती आकाशाचा साधारण तेवढाच भाग झाकते. त्या चित्रात वाळूच्या घड्याळासारखी आकृती दिसते आणि तिच्या बारीक कमरेशी बालतारा लपलेला आहे. त्याचे वय सुमारे एक लाख वर्षे आहे. आपल्या सूर्याचे वय सुमारे ४६० कोटी वर्षे आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे त्याचे बालपण कळते.

बालतारा आत येणारे सर्व द्रव्य सामावून घेत नाही. काही द्रव्य तो दोन विरुद्ध दिशांना झोतांच्या रूपाने बाहेर फेकतो. या झोतांतून रेडिओ लहरीही निघतात, आणि त्यांना धूळ किंवा ढग अडवू शकत नाहीत. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभारलेली महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. तिच्या ३० तबकड्या असून प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर आहे. या दुर्बिणीच्या साहाय्याने युरोपातील शास्त्रज्ञांनी रोहिणीच्या अगदी शेजारी दिसणाऱ्या ‘एल १५५१’ या मेघातील एका बालताऱ्याच्या रेडिओ लहरी टिपल्या व २०१६ साली ती मोजमापे प्रसिद्ध केली.

एका बालताऱ्याची वाढ पाहण्यास मनुष्याचे आयुष्य पुरणार नाही. परंतु आंब्याचा मोहोर, कैरी आणि पिकलेले फळ ही एकाच दिवशी निरनिराळ्या झाडांवर पाहूनही आंबा कसा वाढतो ते समजते. शास्त्रज्ञ त्याच रीतीने निरनिराळ्या वयांचे बालतारे हुडकून ते वयाप्रमाणे क्रमाने लावतात. त्यांत अगदी कोवळे फार थोडे सापडतात, कारण ती अवस्था लवकर सरते.