विद्युत् उद्दीपन, परिधेय
अंगावर घालता किंवा बांधता येणाऱ्या साधनाने त्वचेवाटे सौम्य विद्युत् स्पंद देऊन तंत्रिका व स्नायू उद्दीपित करण्याची पद्धती. मल्टिपल स्क्लेरोसिस या विकारातील स्नायूंची ताठरता कमी करण्यासाठी तिचा पूरक उपचार म्हणून उपयोग करतात.

झां मार्तँ शार्को या फ्रेंच तंत्रिकातज्ञांनी १८६८ मध्ये या विकाराचे सविस्तर वर्णन केले. त्यात मेंदू व मेरुरज्जू यांतील तंत्रिका तंतूंवरचे मायेलिन हे आवरण ठिकठिकाणी नष्ट होते. मेरुरज्जूवरील मेंदूचा अंकुश त्यामुळे सैल पडतो आणि ताणला जाणारा स्नायू प्रतिक्षेपाने प्रमाणाबाहेर आकुंचन पावतो. ताणण्याचा वेग जितका जास्त, तितका विरोध अधिक. गुडघा वाकेनासा होतो, मांड्या एकमेकींवर आवळल्या जातात, पेटक्यांमुळे झोपमोड होते.

उद्दीपनामागील एक प्रमुख तत्त्व चार्ल्स शेरिंग्टन यांच्या संशोधनातून आले आहे. सांध्याच्या एका बाजूचा स्नायू आकुंचन पावत असताना विरुद्ध स्नायूच्या प्रेरक कोशिकांना मेरुरज्जूतच निरोध होतो. म्हणून नडगीपुढील स्नायूला स्पंद दिल्यास ताठरलेली पोटरी सैल पडावी, अशी अपेक्षा असते.

व्लादिमिर लिबरसन व त्यांचे सहकारी यांनी १९६१ मध्ये अर्धांगवायूच्या रुग्णांसाठी असे साधन वर्णिले. पाऊल उचलताना टाचेखालील खटका कार्यान्वित होऊन गुडघ्याजवळच्या तंत्रिकेस स्पंद मिळत व लोंबणारे पाऊल वर उचलले जाई. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्येही अशी साधने वापरतात. मात्र त्यांचा मुख्य हेतू चालणे सुधारणे हा आहे. ताठरतेसाठी स्वीडनमध्ये तयार झालेल्या ‘मोली’ या अंगभर पोशाखात ५८ विद्युत् अग्रे असून त्यांद्वारे ४० स्नायू उद्दीपित करता येतात. कोणते स्नायू निवडावयाचे, हे रुग्णागणिक ठरविले जाते.

परिणामाचे मोजमाप हा या विषयातील अवघड भाग होय. ब्रायन अ‍ॅशवर्थ यांनी १९६४ मध्ये याच विकारावरील एका औषधाची चाचणी घेताना ताठरतेची श्रेणी मांडली. ती सर्वत्र रूढ झाली, पण तीत परीक्षकाच्या हाताला जाणवणारा विरोधच तेवढा मोजला जातो. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका लहान चाचणीत ३२ रुग्णांना त्वचेवाटे उद्दीपन रोज एक तास व आठ तास देऊन पाहिले. ताठरतेच्या श्रेणीत लक्षणीय फरक आढळला नाही. आठ तासांच्या वापराने पेटके व वेदना मात्र कमी झाल्या. रुग्णाच्या दृष्टीने हा लाभ थोडा नव्हे. उलट, दुबळ्या झालेल्या पायाला उभे राहताना ताठरतेचाच आधार असतो. ती सरसकट घालविल्यास तोल जाण्याचा धोका संभवतो. त्यामुळे सैल झालेल्या स्नायूपेक्षा खुर्चीतून उठणे, झोप, स्वच्छता यांत पडलेला फरक पाहणे अधिक योग्य ठरते.

या उपचाराने मायेलिन पूर्ववत् होत नाही व मिळणारा आराम बहुधा तात्पुरता असतो. त्यामुळे व्यायाम व बॅक्लोफेनसारखी औषधे यांची जागा तो घेऊ शकत नाही. या विकारात त्वचेची संवेदना मंदावलेली असल्यास अग्रांखाली होणारी इजा रुग्णाच्या ध्यानात येत नाही. शरीराचे तापमान वाढल्यास अनेकांची लक्षणे बळावतात, म्हणून उष्ण हवेत घट्ट पोशाख जपून वापरावा लागतो. हृदयगतिनियंत्रक किंवा शरीरात बसविलेला औषधपंप असल्यास तज्ञाच्या सल्ल्याविना हे साधन वापरू नये.