ॲप फुकट, पण ऐकणारे कोणाचे?

मागच्या एपिसोडनंतर बऱ्याच जणांनी विचारलं, "दादा, ॲप तर फुकट आहे, मग खर्च कसला?" माइक, नेटपॅक हा खर्च दिसतो. आज न दिसणाऱ्या खर्चाबद्दल बोलू.

२९ जून २०२० आठवतो? केंद्र सरकारने ५९ चिनी ॲपवर बंदी घातली, त्यात टिकटॉक होतं. आपल्या खेड्यापाड्यांतल्या कितीतरी पोरापोरींनी तिथं नाव कमावलं होतं. व्हिडिओ फोनमध्ये सेव्ह असतील, पण ते बघणारी माणसं? त्यांची यादी ॲपकडे. दहा दिवसांत इन्स्टाग्रामने रील्स आणलं, पण जुने फॉलोअर आपोआप तिकडे येणार नव्हते.

आता उलटं उदाहरण. २०२४ मध्ये गूगल पॉडकास्ट बंद झालं, तरी शो बुडाले नाहीत. कारण आरएसएस फीड. फीड म्हणजे एक लिंक, जिथं एपिसोडची यादी असते आणि सगळी ॲप तिथूनच एपिसोड उचलतात. एक ॲप गेलं की ऐकणारा तीच फीड दुसरीकडे लावतो. पण गोम अशी, की फुकट होस्टिंगवर ती लिंक बहुतेक वेळा कंपनीच्याच डोमेनवर असते. उद्या सोडून जायचं तर जुन्या लिंकवरून नव्या लिंकवर रीडायरेक्ट कंपनीनेच द्यावा लागतो. मी तर कुठलंही होस्टिंग बघताना आधी हेच शोधतो, डिझाइन वगैरे नंतर.

यूट्यूबचं गणित वेगळं. समजा, आर्वीतल्या एकाने कपाशीवरच्या गुलाबी बोंडअळीबद्दल चॅनल काढलं, सबस्क्रायबर झाले ८००. जाहिरातीतला वाटा मिळायला १,००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४,००० तास वॉचटाइम लागतो (शॉर्ट्सचा हिशोब निराळा). तोवर व्हिडिओवर जाहिरात येत नाही, असं वाटतं ना? येऊ शकते! २०२१ पासून आपल्याकडे नियमच तसा आहे, आणि ते पैसे पूर्ण यूट्यूबचे. सर्व्हरचा खर्च कंपनीला येतो, मान्य. पण हा सांगतोय "उगाच फवारू नका", आणि त्याच्याच व्हिडिओआधी कीटकनाशकाची जाहिरात लागली तर? ती कोणती लागेल हे तो ठरवत नाही, राव. शेतकऱ्याचा भरवसा मात्र त्याच्यावरचा उडतो.

म्हणून मूळ फाइल हार्डडिस्कवर ठेवा. जमलं तर स्वतःचं डोमेन घ्या. ऐकणाऱ्यांना विचारून ईमेलची यादी करा. व्हॉट्सॲप चॅनल त्याला पर्याय नाही, तिथं फॉलोअरचे नंबर तुमच्या हाती येत नाहीत. आणि शो फुकट होस्टिंगवर असेल, तर रीडायरेक्टची सोय आहे का, हे आजच सेटिंग्जमध्ये बघून घ्या.