न लिहिलेली ओळ

नव्या फोनला नेटवर्कची केबल लावली, की सर्व्हरच्या लॉगमध्ये पहिली नोंद उमटते ती नकाराची. फोन म्हणतो, मी एक्स्टेन्शन १०१, मला रजिस्टर करून घ्या. सर्व्हर उत्तर देतो : ४०१, अनऑथराइज्ड. नवखा तंत्रज्ञ इथे दचकतो आणि पासवर्ड पुन्हा टाईप करायला घेतो. जुना मात्र हात बांधून पुढच्या ओळीची वाट पाहतो, कारण पहिल्या खेपेला नकार यायलाच हवा.

त्या नकारासोबत सर्व्हर अक्षरांची आणि आकड्यांची एक माळ पाठवतो. तिला नॉन्स म्हणतात. फोन आपलं नाव, सर्व्हरचा रेल्म (म्हणजे त्याच्या क्षेत्राचं नाव) आणि पासवर्ड एकत्र करून त्यांचा एमडी५ हॅश काढतो; मागणीचा प्रकार आणि पत्ता यांचा दुसरा हॅश काढतो; मग हे दोन्ही हॅश आणि नॉन्स मिळून तिसरा. ३२ अक्षरांचा हा तिसरा हॅश तेवढा परत जातो. सर्व्हर आपल्याकडच्या पासवर्डवरून हेच गणित करतो, आणि उत्तर जुळलं तर लॉगमध्ये २०० ओके येतं. दोन्ही मागण्यांचा कॉल-आयडी एकच असतो, फक्त मागणीचा अनुक्रमांक एकाने वाढलेला. एवढ्या देवाणघेवाणीत पासवर्ड नेटवर्कवरून एकदाही जात नाही. सिप या प्रोटोकॉलच्या, २००२ साली आलेल्या आरएफसी ३२६१ मध्ये ही रीत घालून दिलेली आहे, आणि ती मुळात वेबसाइटसाठी बनलेल्या पद्धतीवरून घेतलेली आहे.

इथला सर्व्हर म्हणजे टेलिफोन एक्स्चेंजचं काम करणारं सॉफ्टवेअर, अ‍ॅस्टेरिस्क. अलाबामातल्या मार्क स्पेन्सर या तरुणाने १९९९ मध्ये तो लिहायला घेतला, कारण आपल्या छोट्या कंपनीसाठी विकतचं टेलिफोन एक्स्चेंज त्याला परवडणारं नव्हतं. आज कोणीही तो फुकट उतरवून साध्या संगणकावर चालवू शकतो. पण मग मांडणी तपासायला दुसरं कोणी असेलच असं नाही. म्हणूनच त्याची राखण करणाऱ्याने कॉन्फिगरेशन फाइल स्वतः, एकेक ओळ करून वाचली पाहिजे.

फाइलचं नाव पीजेसिप डॉट कॉन्फ. प्रत्येक फोनसाठी तीत तीन तुकडे लिहावे लागतात : एंडपॉइंट, ऑथ आणि एओआर. ऑथमध्ये नाव आणि पासवर्ड असतो, एओआरमध्ये फोन सध्या कुठे सापडेल त्याची नोंद. पण नुसता ऑथचा तुकडा लिहून भागत नाही. एंडपॉइंटमध्ये ‘ऑथ बरोबर १०१’ अशी ओळ घालून तो जोडावा लागतो. ही ओळ राहून गेली, तर अ‍ॅस्टेरिस्क तक्रार करत नाही. फोन रजिस्टर होतो, कॉल लागतात, आवाज स्वच्छ येतो. फरक इतकाच, की १०१ हे नाव सांगणाऱ्या कोणालाही सर्व्हर आता पासवर्ड विचारत नाही. या कामातला सगळ्यात मोठा धोका असा गुपचूप बसलेला असतो. चुकीचा पासवर्ड लगेच कळतो. न लिहिलेली ओळ कळत नाही.

आणि नाव सांगणारे टपलेलेच असतात. ५०६० हा पोर्ट इंटरनेटवर उघडा ठेवला, की १००, १०१, १०२ अशी एक्स्टेन्शनं ओळीने चाचपणाऱ्या मागण्या येऊ लागतात. अनेकींवर ‘फ्रेंडली-स्कॅनर’ अशी सही असते. सिपव्हिशस या तपासणीच्या साधनाची ती खूण. अशा वेळी अ‍ॅस्टेरिस्क एक शहाणपण करतो : अस्तित्वात नसलेल्या एक्स्टेन्शनलाही तो खोटा नॉन्स देऊन ४०१ पाठवतो, म्हणजे खरं एक्स्टेन्शन कोणतं याचा पत्ता बाहेरच्याला लागत नाही. फेल२बॅन हे साधन लॉगमधल्या फसलेल्या खेपा मोजून, त्या जिथून आल्या तो आयपी पत्ता फायरवॉलमध्ये अडवतं. तरी १०१ चा पासवर्डही १०१ च ठेवला असेल, तर यातलं काहीच कामाला येत नाही.

ट्रंकचं, म्हणजे बाहेरच्या टेलिफोन कंपनीशी जोडणाऱ्या वाटेचं, प्रकरण वेगळं. सेवा पुरवणाऱ्या कंपनीकडून येणारा कॉल सहसा ४०१ ला उत्तर देत नाही, त्यामुळे तिथे पासवर्ड मागितला तर बाहेरचे कॉल येणंच थांबतं. मग ‘आयडेंटिफाय’चा तुकडा लिहून कंपनीचा आयपी पत्ता ‘मॅच’मध्ये घालतात. घाईत इथे अख्खी रेंज टाकली जाते, आणि तेवढ्या सगळ्या पत्त्यांना पासवर्डाविना आत येता येतं. म्हणून ट्रंकच्या कॉन्टेक्स्टमधून, म्हणजे तिथून आलेला कॉल कुठे जाऊ शकतो ते ठरवणाऱ्या भागातून, रिसेप्शनचा फोन वाजावा, एवढंच ठेवावं. ०० ने सुरू होणारे परदेशी क्रमांक तिथून लागता कामा नयेत. चोरट्यांना हवे असतात ते महागडे परदेशी क्रमांक. ते बहुधा रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी फिरवले जातात, आणि बिल येतं ते सर्व्हरच्या मालकाला.

फाइल रीलोड केल्यावर जाणता तंत्रज्ञ फोन उचलून पाहण्याआधी कन्सोलवर ‘पीजेसिप शो एंडपॉइंट्स’ ही कमांड देतो. ऑथ जोडलेल्या प्रत्येक एंडपॉइंटखाली ‘इनऑथ’ अशी ओळ दिसते. पुढे १०१/१०१, म्हणजे ऑथच्या तुकड्याचं नाव आणि यूजरनेम. ट्रंकखाली ती नसली तर चालतं. एखाद्या फोनखाली दिसली नाही, तर त्या फोनवरून कॉल कितीही छान लागत असोत, तो आधी फाइल उघडतो.