पलटणीतला धर्म: गैरसमज आणि वस्तुस्थिती

पहिल्या महायुद्धात भारतातून दहा लाखांहून अधिक माणसे समुद्रापार गेली. त्यांत हिंदू, मुसलमान, शीख, ख्रिस्ती होते, नेपाळचे गुरखेही होते.

गैरसमज: मराठा पलटण म्हणजे फक्त हिंदू मराठे.
१०३ वी मराठा लाइट इन्फन्ट्री घ्या. तिच्यात मराठ्यांबरोबर दख्खनी मुसलमानांच्याही कंपन्या होत्या. पलटण एक, पण कंपन्या जातधर्मानुसार वेगळ्या, ही १८५७ च्या उठावानंतरच्या सरकारची सोय.

गैरसमज: युद्धात शत्रूपक्षात असलेल्या तुर्कस्तानच्या सुलतानाने जिहाद पुकारताच मुसलमान शिपाई फितले.
फेब्रुवारी १९१५ मध्ये सिंगापूरला एका मुस्लिम पलटणीने बंड केले, हे खरे. मुस्लिम युद्धकैद्यांचे मन वळवायला जर्मनांनी बर्लिनजवळच्या वुन्सडॉर्फ छावणीत मशीदही बांधली. तरीही बहुतांश मुसलमान शिपाई तुर्कांविरुद्ध लढतच राहिले.

गैरसमज: कूटच्या वेढ्यात हिंदी शिपायांनी केवळ हट्टापायी घोड्याचे मांस नाकारले.
डिसेंबर १९१५ पासून एप्रिल १९१६ पर्यंत मेसोपोटेमियातल्या कूटमध्ये पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनचे सैन्य तुर्कांच्या वेढ्यात अडकले होते. त्यात मराठा पलटणीही होत्या. धान्य संपत आले तेव्हा घोडे कापले गेले. गोऱ्या शिपायांनी ते मांस खाल्ले, बहुतेक हिंदी शिपायांनी नाही. या सैन्याचा सेनापती जनरल टाउनशेंडने बिनतारी संदेश पाठवून भारतातल्या धर्मगुरूंची परवानगी मिळवली, पण ती पुरली नाही. शिपायांना भीती होती ती गावाची: घरी गेल्यावर वाळीत टाकतील, पोरींची लग्ने जमणार नाहीत. याला हट्ट म्हणणे मला अन्यायाचे वाटते. जिवंत राहिला तर ज्याला त्याच गावात परतायचे आहे, त्याचा हा हिशोब होता. त्याची किंमत त्यांनी स्कर्व्हीने मोजली. शेवटच्या आठवड्यांत बरेच जण खाऊ लागले, तोवर अंगातली ताकद गेली होती.

गैरसमज: साम्राज्याने प्रत्येक मृताचा मान राखला.
इंग्लंडमध्ये राखला, हे मान्य करायला हवे. ब्रायटनच्या इस्पितळात जखमींसाठीही धर्माप्रमाणे वेगळी स्वयंपाकघरे होती. जवळच्या टेकडीवर ५३ हिंदू-शीख शिपायांचे दहन झाले, तिथे छत्री उभी आहे. मुसलमानांना वोकिंगजवळ दफन केले. मात्र मेसोपोटेमियातल्या मृतांच्या बसरा स्मारकावर हिंदी सैन्यातल्या फक्त अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली. साध्या हिंदी शिपायांची पलटणवार फक्त संख्या आहे. जिवंतपणी ज्यांच्या जातीधर्माची सरकारदरबारी बारकाईने नोंद होती, त्यांचे नावही तिथे नाही.